बोगनवेलीची मारबत

बोगनवेलीचे काटे नेलकटरने कापता येतात. फक्त कोवळे काटे आधी घ्यायचे (जून काट्यावर नेलकटरचा जबडा वाकतो), आणि हे काम भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना उरकायचं. कारण पन्नाशी ओलांडलेला, चष्मा लावणारा, बरी नोकरी असलेला माणूस फाटकाशी उकिडवा बसून झाडाला नेलकटर लावताना दिसला, तर बघणाऱ्याची समजूत कशी घालायची, हे मला आजतागायत जमलेलं नाही.

तो माणूस मीच. नाव विलास, मुक्काम बोरगाव मेघे, नोकरी वर्ध्यातल्या एका कचेरीत. घरात आई, बायको रेखा आणि मी. मुलगी नोकरीनिमित्त पुण्याला असते, म्हणून ती या प्रकरणातून सुटली. आम्ही इथे स्वतःचं घर बांधलं तेव्हा माझे सासरे नाचणगावहून गृहप्रवेशाला आले. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी भाजीपाला पिकवतात आणि लेकीला आजवर त्यांनी जे काही दिलं, ते वांगी, भेंडी आणि सांबार या स्वरूपातच दिलं. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या लोकांसाठी सांगितलं.) पण त्या दिवशी भाजीच्या ऑटोतून उतरताना त्यांच्या हातात एक काळी पिशवी होती आणि पिशवीत बोगनवेलीचं वीतभर रोप.

"इकत आनलं," ते म्हणाले. मामाजींच्या तोंडून हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. "पोरीच्या दारात रंग पाह्यजे."

रेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. रोप फाटकाच्या बाजूला लागलं, आईने स्वतःच्या हाताने माती दाबली, आणि पुढची दोन वर्षं त्या झाडाबद्दल आमच्या घरात कोणी अवाक्षर काढलं नाही.

मग एका सकाळी समोरच्या धोटेकाकू दही मागायला आल्या. धोटेकाकू स्वभावाने फार चांगल्या. फक्त कोणतं झाड कोणत्या दारात लावल्याने कोणाचा जावई पळाला, याची त्यांना इत्थंभूत माहिती असते. फाटकाशी त्या थबकल्या.

"ताई, हे काय? दारात काटेरी झाड?"

"काऊन?" आईने विचारलं. "काय झालं त्याले?"

"त्याले काय होते? घराले होते! काटेरी झाड दारात असलं की घरात भांडनं सुरू होतात. माह्या नंदेच्या दारात हेच होतं. नवरा-बायको एकमेकाशी बोलत नाईत आता."

(त्या नणंदेच्या यजमानांना बिलकुल ऐकू येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.)

काकू दही घेऊन गेल्या आणि संशय ठेवून गेल्या. त्याच रात्री वरण खारट झालं.

"इतक्या वर्षांत वरण कधी खारं नाई झालं," आई पहिल्या घासाला म्हणाली. "आजच काऊन झालं?"

"मीठ दोनदा पडलं, आई," रेखा म्हणाली.

"तेच त म्हनून राह्यली मी. दोनदा काऊन पडलं?"

"अवो, चुकून पडलं! झाडानं येऊन टाकलं का?"

"आवाज कायले चढवते?"

"मी नाई चढवला!"

"चढवला!"

इथे मी शहाणपणा केला. "आई," मी शांतपणे म्हणालो, "झाडाचा आणि वरणाचा काय संबंध?"

"तू मधात बोलू नको!" आई ओरडली.

"तुमी मधात बोलू नका!" रेखा ओरडली.

"मी का बोलू नको?" मी ओरडलो.

आईने हात धुतला आणि थंडपणे म्हणाली, "पाह्यलं? सुरू झालं."

त्या दिवसापासून आमच्या घरात शास्त्रोक्त भांडणं होऊ लागली. म्हणजे आई म्हणायची, "झाडामुळे भांडनं होऊन राह्यले." रेखा म्हणायची, "भांडण होतच नाई आहे." आई म्हणायची, "होऊन राह्यलं." रेखा म्हणायची, "नाई होऊन राह्यलं!" आणि हे दोघींपैकी कोणीही हळू आवाजात म्हणत नसे. मी सकाळी कचेरीत लवकर जाऊ लागलो. साहेबांना वाटलं मला बढती हवी आहे.

शेवटी मीच डोकं चालवलं. दोष झाडाचा नाही, काट्यांचा आहे. काटे गेले की ते काटेरी झाड उरत नाही. मग आईला काट्यांचा त्रास नाही, रेखाला झाड गेल्याचं दुःख नाही आणि मला कचेरीत लवकर जायची गरज नाही. एका रविवारी दुपारी दोघी झोपल्या आणि मी नेलकटर घेऊन फाटकाशी बसलो. काम छान चाललं होतं. खालच्या दोन फांद्या गुळगुळीत झाल्या होत्या. तेवढ्यात समोरून आवाज आला.

"भाऊजी, झाडाचे नखं कापून राह्यले का?"

मी दचकलो आणि एक चांगला बोटभर काटा अंगठ्यात घुसला.

"विषारी असते तो काटा!" धोटेकाकूंनी रस्ता ओलांडता ओलांडताच जाहीर केलं. "मानूस निळा पडते! ताई ओ ताई! तुमचा विलास निळा पडून राह्यला!"

आई धावत आली. तिने मला उजेडात नेलं, उलटसुलट फिरवलं, बनियन वर करून पाठ बघितली. "हा आधीच एवढा काळा," ती रडवेली होऊन म्हणाली, "निळा पडला त कळन कसं?"

"आई, तो विषारी नसतो. साधा काटा आहे. गुलाबाचा टोचतो तसा."

"तू बोलू नको, इष चढन!"

दवाखान्यात डॉक्टरांनाही मी हेच सांगितलं. त्यांना ते पटलंही. पण बाहेर आई, रेखा आणि धोटेकाकू अशा तिघी उभ्या आहेत हे पाहून त्यांनी मुकाट्याने सुई भरली. टोचलं अंगठ्याला होतं आणि चार दिवस मला बसता येत नव्हतं, हा न्याय मला अजून समजलेला नाही. दरम्यान पाऊस पडला, आणि मी काटे कापलेल्या फांद्यांना फुटलेल्या कोंबांवर नव्याने काटे आले. भरघोस आले.

फुलं मात्र येत नव्हती. हा रेखाच्या जिवाला लागलेला वेगळाच घोर होता. बापाने आयुष्यात पहिल्यांदा काही विकत आणून दिलं आणि त्याला फूल नाही! आई काही बोलत नसे, पण झाडाकडे बघून सुस्कारा टाकत असे, आणि तो सुस्कारा रेखाला बरोबर ऐकू जात असे. रेखाने नाचणगावला फोन लावला.

"पाणी कमी पडून राह्यलं," मामाजींनी निदान केलं. "माह्या वांग्याले पाह्य कसा पाणी देतो मी. अन खत टाक. पुढच्या खेपेले शेणखताचं पोतं आनतो."

मी मोबाइलवर वाचलं. सगळीकडे उलटंच लिहिलेलं. बोगनवेलीचे लाड केले की ती नुसती पानं काढते. तिला कोरडं ठेवावं लागतं, पाणी तोडावं लागतं, कसून छाटावं लागतं, तेव्हा ती फुलते. मी मोठ्या उत्साहाने रेखाला हे सांगायला गेलो.

"म्हंजे?" रेखा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माह्या बाबांनी देलेल्या झाडाले मी उपाशी ठेवू? हे तुमच्या आईनं सांगतलं ना?"

"मी काऊन सांगू?" आतून आईचा आवाज आला. "मी त म्हनतो, भरपूर पाणी टाक! इतकं टाक, इतकं टाक, की सडून गेलं पाह्यजे!"

आणि काय सांगू तुम्हाला, त्या दिवसापासून आमच्या घरात झाडाला पाणी घालण्यावरून संपूर्ण सहकार्य सुरू झालं! सकाळी रेखा प्रेमाने बादली ओतायची, ते जगावं म्हणून. संध्याकाळी आई रागाने बादली ओतायची, ते मरावं म्हणून. वर मामाजींचं शेणखत. एवढ्या पाण्यात एखादं शहाणं झाड सडलंही असतं, पण आमची जमीन उताराची, पाणी थेट धोटेकाकूंच्या ओट्यापर्यंत जायचं. झाड माजलं. पानं हातभर, काटे बोटभर, फूल औषधाला नाही. फांद्या कुंपणावरून बाहेर गेल्या. दूधवाल्याने फाटकाशी यायचं सोडलं, तो रस्त्यातूनच "दूध!" ओरडायचा. पेपरवाल्याचा पेपर झाडातच राहायचा आणि मी काठीने तो काढून भोकाभोकांचा वाचायचो.

मग तो दिवस उजाडला. आई देवळात भागवत ऐकायला निघाली होती. नवं लुगडं, मामेबहिणीने आहेरात दिलेलं. फाटकातून बाहेर पडली आणि झाडाने मागून पदर धरला. आईला वाटलं रेखा थांबवते आहे.

"सोड!" आई मागे न बघता म्हणाली.

झाडाने सोडलं नाही. आईने हिसका दिला. टर्रकन् आवाज आला आणि लुगड्याची एक पट्टी झेंड्यासारखी फांदीवर फडफडायला लागली. समोर ओट्यावर धोटेकाकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी फक्त एकदा "च्" केलं. पण ते असं केलं की गल्लीतल्या सगळ्या घरांना ऐकू गेलं.

आई घरात परत आली, पिशवी काढली आणि भरायला लागली.

"या घरात ते झाड राहीन नाईतर मी राहीन," ती म्हणाली. "मी चालली सिंदीले, सुधाकरकडे."

सुधाकर माझा धाकटा भाऊ. सिंदी रेल्वे या गावात असतो.

"आई, फांद्या कापतो मी."

"फांद्या नाई. मुळासकट. मुळासकट गेलं त मले फोन करजो."

"बाबांचं झाड मुळासकट काढलं," रेखा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "त मी बी नाचणगावले चालली."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? मी आईची पिशवी उचलली आणि तिला स्टेशनवर सोडून आलो.

पहिल्या दिवशी मला वाटलं, बरं झालं, जरा शांतता. दुसऱ्या दिवशी ती शांतता खायला उठली. सकाळी कोणी देवाशी मोठमोठ्याने भांडत नव्हतं. चहात साखर कमी आहे असं कोणी म्हणत नव्हतं. रेखाने सवयीने तीन ताटं घेतली, तिसरं उचलून परत ठेवलं आणि मग आम्ही दोघं खाली मान घालून जेवलो. मला आई हवी होती. साधी गोष्ट आहे, पन्नाशीतही हवी असते. आणि रेखालाही हवी होती, पण ते ती मेली तरी म्हणणार नव्हती.

रोज संध्याकाळी मी फोन करायचो.

"झाड हाय का?"

"आहे."

"मंग ठीक हाय. जेवला का?"

"हो."

"काय जेवला?"

"वांग्याची भाजी."

"हं." आणि फोन बंद.

असेच दिवस गेले आणि पोळा आला. पोळ्याला रेखा माहेरी जाते, मामाजींच्या बैलांना ओवाळायला. आई तर सिंदीतच होती आणि तिथल्या तान्ह्या पोळ्याच्या तयारीत रमली होती. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान पोरांचा पोळा, लाकडी बैलांचा. सुधाकरच्या मुलाचा लाकडी बैल आई स्वतः सजवत होती. म्हणजे घरात मी एकटा. आणि एकटा माणूस विचार करतो, हाच मोठा धोका असतो.

आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचलायच्या, ओढत गावाबाहेर नेऊन टाकायच्या आणि ओरडायचं, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" ही मारबत म्हणजे सगळी साडेसाती उचलून नेणारी बाई. ज्याला जे नको असेल ते तिच्या गळ्यात मारायचं. खोकला, ढेकूण, महागाई, ती कशालाही नाही म्हणत नाही.

आणि मला सुचलं! झाड वरून छाटायचं आणि पळसाच्या फांद्यांबरोबर मारबतीला देऊन टाकायचं. आईला सांगायचं, साडेसाती गेली. बुंधा मात्र जागेवर ठेवायचा, वर टोपलं पालथं घालायचं. रेखाला सांगायचं, नुसती छाटणी केली. कुऱ्हाड एक, खूश दोघी! (हे सुचल्यावर मी स्वतःसाठी आलं घालून चहा केला. इतका मी स्वतःवर प्रसन्न होतो.)

पोळ्याच्या संध्याकाळी मी दोन फोन केले. सिंदीला म्हणालो, "आई, उद्या झाड मारबतीसोबत चाललं. मुळासकट."

मग आई हळूच म्हणाली, "मंग परवा येतो मी."

नाचणगावला म्हणालो, "जरा फांद्या वाढल्यात गं. थोडी छाटणी करतो."

"करा," रेखा म्हणाली. "पण हळू हातानं."

सकाळी उजाडताच मी हळू हाताने कुऱ्हाड चालवली. गुडघ्याएवढा बुंधा उरला, त्यावर टोपलं घातलं. कापलेल्या फांद्यांचा ढीग दोरीने बांधला, त्यावर पळसाच्या फांद्या ठेवल्या आणि ओढत निघालो. गल्लीतली मंडळी आपापल्या फांद्या घेऊन निघालीच होती. एवढी मोठी मारबत त्यांनी आमच्या कॉलनीत कधी पाहिली नव्हती. सगळे माझ्यामागे लागले.

"ईडा पीडा, घेऊन जा गे मारबत!" मी सुरुवात केली.

"घेऊन जा गे मारबत!" गल्ली म्हणाली.

"बोगनवेलीचे काटे, घेऊन जा गे मारबत!"

"घेऊन जा गे मारबत!"

"घरातली भांडणं, घेऊन जा गे मारबत!"

हे सगळ्यांनाच फार आवडलं. ज्यांच्या दारात झाड नव्हतं तेही जीव तोडून ओरडले. मला स्फुरण चढलं. आयुष्यात माझ्यामागे इतकी माणसं कधी चालली नव्हती. तेवढ्यात ओट्यावरून धोटेकाकूंनी, हातातला मोबाइल माझ्यावर रोखून, विचारलं, "कोनं देलतं हो भाऊजी हे झाड?"

"याच्या मामाजीनं!" गर्दीतून कोणीतरी माझ्यावतीने उत्तर दिलं. आणि लगेच, "मामाजीचं झाड, घेऊन जा गे मारबत!"

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण काय आहे, गर्दी एकदा तालात आली की लांब घोषणा तिला झेपत नाही. विजेच्या पुढच्या खांबापर्यंत पोचेतो 'झाड' गळून पडलं, आणि चौकात आम्ही पोचलो ते असे: मी पुढे, हातात दोरी, मूठ वर, डोळे अर्धवट मिटलेले, आणि बेंबीच्या देठापासून आरोळी:

"मामाजीले घेऊन जा गे मारबत!"

फांद्या गावाबाहेर टाकून, अंगभर ओरखडे घेऊन, प्रसन्न मनाने मी घरी परतलो तर फोन वाजत होता. चौकापर्यंत आमच्यामागे आलेल्या धोटेकाकूंनी व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो रेखाच्या मावसबहिणीकडे आणि तिच्याकडून नाचणगावला, बैलांना चारा घालत असलेल्या मामाजींपर्यंत, मी चौकातून घरी येईतो पोचला होता.

"पाह्यलं आमी," रेखा म्हणाली. "बाबांनी बी पाह्यलं." आणि फोन बंद.

लगेच दुसरा. "काय करून ठेवलं रे तू?" आई. "जित्त्या मानसाची मारबत काढली? सख्ख्या ईवायाची?"

"आई, ते झाडाबद्दल होतं..."

"येतो मी!"

दुपारी आई आली. हातात तीच पिशवी. नातवाचा लाकडी बैल अर्धा सजवलेला सोडून, मिळेल त्या गाडीने आली होती आणि हे तिने मला फाटकापासून ओट्यापर्यंत सांगत आणलं. ती खुर्चीत बसते न बसते तोच दाराशी ऑटो थांबला. रेखा उतरली, माझ्याकडे न बघता बाजूला उभी राहिली. मागून मामाजी उतरले. एवढा राग, एवढा अपमान, तरी हातात वांग्यांची पिशवी होतीच. ती पाहून मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

आई डोक्यावर पदर घेऊन व्याह्यांपुढे झाली. "ईवाई, चुकलं पोराचं. माह्याच पोटचा हाय, पन माही अक्कल काई यानं घेतली नाई."

मामाजी माझ्याकडे बघेचनात. ते फाटकाकडे बघत होते. "झाड कुठं हाय?"

"मुळासकट काढलं," आई मान खाली घालून म्हणाली.

"नाई, आई," रेखा म्हणाली, "नुसती छाटणी केली."

"मुळासकट म्हनला मले."

"मले त छाटणी म्हनले."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग अगदी सावकाश, माझ्याकडे. मामाजींनी वाकून टोपलं उचललं. खाली माझा गुडघाभर बुंधा, चारी बाजूंनी वेडावाकडा तोडलेला, कडेला एक हिरवं पान.

"इकत आनलं होतं," मामाजी एवढंच म्हणाले.

रेखाने डोळ्याला पदर लावला. आणि मग आईने, जी इतके महिने त्या झाडाच्या नावाने बोटं मोडत होती त्या माझ्या आईने, रेखाच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको," ती म्हणाली. "तुले बी खोटं बोलला, मले बी खोटं बोलला. आता ऐक. झाड राहीन इथंच. मी बी राहीन. जायचंच असन कोनाले, त यानं जावं सिंदीले."

"बरोबर हाय, आई," रेखा नाक ओढत म्हणाली, आणि आईची पिशवी उचलून आत घेऊन गेली.

खरं सांगतो, अंगणात उभं राहून मी तिघांच्या शिव्या खात होतो, धोटेकाकू समोरून ऐकत होत्या, अंगावरचे ओरखडे झोंबत होते, आणि आतून मला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका. त्या संध्याकाळी तीन नाही, चार ताटं झाली. मामाजींनी आणलेली वांगी होती. आई म्हणाली, मीठ कमी आहे. रेखा म्हणाली, यांनीच टाकलं असेल. मी स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नव्हतं, पण मुकाट जेवलो.

"आता त्या झाडाले कोनी हात लावायचा नाई," असा आईने हुकूम काढला. पाणीही नाही, खतही नाही. पाऊस ओसरला, माती तडकली, बुंध्याला धुमारे फुटले, आणि हिवाळा लागता लागता झाड असं फुललं की फाटक दिसेना! लोक रस्त्यात थांबून फोटो काढायला लागले. मामाजी मुद्दाम येऊन, कमरेवर हात ठेवून, अर्धा तास झाडासमोर उभे राहिले आणि मग माझ्याशी बोलायला लागले.

मी सगळ्यांना कारण समजावलं. कसून छाटलं, पाणी तोडलं, ऊन मिळालं, म्हणून फुललं.

"तू मधात बोलू नको," आई म्हणाली.

मी आणखी एक माहिती पुरवली. "आई, हे गुलाबी दिसतं ना, ती फुलं नाहीत. पानंच आहेत. खरं फूल म्हणजे मधलं ते बारकं, पांढरं."

आई एकदम थांबली. "पानं हायेत?"

"हो."

"मंग देवाले चालते. बेलाचं बी पानच असते."

त्या दिवसापासून आमचे देव गुलाबी पानांखाली गडप झाले. धोटेकाकूंनी हरकत घेतली, बिनवासाचं फूल देवाला वाहतात का? आई म्हणाली, "फूल नाई ते. इचार माह्या विलासले." संपूर्ण प्रकरणात माझ्या ज्ञानाचा एवढा एकच उपयोग झाला.

धोटेकाकू एवढ्यावर थांबतात होय? वर्ष उलटायच्या आत त्यांनीही दारात बोगनवेल लावली. (भांडणांचं काय, असं मी विचारलं. "तुमच्या घरी कुठं होतात आता?" असं त्या म्हणाल्या.) सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी, आणि अर्थातच फूल नाही. शेवटी एक दिवस त्या आमच्याकडे आल्या.

"भाऊजी, तुमच्या झाडाले फुलं कायनं आले ते माहीत हाय मले. मामाजीच्या नावानं वरडले ना तुमी, म्हनून. आमच्या झाडापुढं बी एकदा वरडून द्या."

"काकू, छाटा त्याला. पाणी बंद करा."

"पाणी कसं बंद करू? जीव हाय त्यात!"

मी साफ नकार दिला. आई म्हणाली, "जा रे, शेजारधर्म हाय." रेखाने तर नाचणगावला फोन लावून रीतसर परवानगीच मागितली. "वरडू दे," मामाजी गंभीरपणे म्हणाले, "फुलं येत असतीन त आपली काय हरकत हाय?"

तेव्हा गेल्या रविवारी, सकाळी, आंघोळ करून, धोटेकाकूंच्या फाटकासमोर मूठ वर करून मी माझ्या सासऱ्यांच्या नावाने ओरडून आलो. फुलं अजून आलेली नाहीत. काकू तक्रार घेऊन आल्या तेव्हा आईने त्यांना चहा दिला आणि समजावलं, "मामाजीच्या नावात काई खोट नाई, बाई. याच्याच वरडन्यात दम नाई."

"आई बरोबर बोलून राह्यल्या," रेखा म्हणाली.

येत्या रविवारी मला पुन्हा बोलावलं आहे. जरा जोरात ओरडायला.